चॉकलेटचा कारखाना सहकुटुंब पाहताना

मराठवाड्यातून चॉकलेटचा कारखाना पाहायला निघायचे, तर सर्वांत सोयीचे शहर हैदराबादच आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे शिक्षण, दवाखाना आणि लग्नाचा बस्ता या तीन कारणांसाठी हैदराबादची वाट आपल्या आजी-आजोबांच्या पायाखालची होती. आता त्यात नातवंडांसाठी चौथ्या कारणाची भर पडली आहे. बंजारा हिल्स भागात २०२३ साली ‘मानम चॉकलेट कारखाना’ सुरू झाला. आंध्रातील पश्चिम गोदावरी भागात पिकलेल्या कोकोपासून तिथे चॉकलेट तयार होते आणि ते काम काचेपलीकडून पाहता येते. ‘टाइम’ या अमेरिकी नियतकालिकाने २०२४ मध्ये जगातील पाहण्याजोग्या ठिकाणांच्या यादीत त्याचा समावेश केला. नांदेडहून हैदराबाद रस्त्याने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. लातूरकरांना उदगीर, बीदर, जहीराबाद हा रस्ता सरळ पडतो, तर संभाजीनगर, जालना, परभणीकडच्या मंडळींना अजिंठा एक्स्प्रेससारखी रात्रीची गाडी बरी.

ज्यांची मुले-सुना जर्मनीत नोकरीला आहेत आणि ज्यांचे तिकडे जाणे होते, त्यांनी कोलोन शहरात ऱ्हाइन नदीच्या काठी १९९३ पासून असलेले चॉकलेट संग्रहालय जरूर पाहावे. तिथे काचघरात जिवंत कोकोची झाडे आहेत आणि तीन मीटर उंचीच्या कारंज्यातून पातळ चॉकलेट वाहत असते. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळ किल्शबर्गला २०२० साली उघडलेल्या लिंडट या चॉकलेट कंपनीच्या संग्रहालयातील कारंजे नऊ मीटरांहून उंच आहे. पुढील मजकूर मात्र आपल्याकडून दोन-तीन दिवसांची सहल काढणाऱ्या कुटुंबासाठी आहे.

ठिकाण निवडताना एक गोष्ट आधी पक्की करून घ्यावी. थंड हवेच्या ठिकाणी ‘चॉकलेट फॅक्टरी’ अशा पाट्या पावलोपावली दिसतात, पण त्यातील पुष्कळ ठिकाणी बाहेरून आलेल्या तयार लाद्या वितळवून साच्यात ओतण्यापलीकडे काही होत नसते. काही वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका ठिकाणी नऊ माणसांचे तिकीट काढून आत गेलो. तिथे एक गरम भांडे होते, एक मुलगा पळीने साचे भरत होता आणि भिंतीवर कोकोच्या झाडाची तीन चित्रे लावलेली होती. चार मिनिटांत आम्ही विक्रीच्या दालनात उभे होतो. साचे भरणे हेही काम आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण ते पाहण्यासाठी तिकीट काढायचे की नाही, हे आधी कळायला हवे. म्हणून फोनवर एकच प्रश्न विचारावा: तुमच्याकडे कोकोच्या बिया भाजल्या जातात का? उत्तर ‘हो’ आले, तर बियांची पोती, भाजणीचे यंत्र, टरफल काढण्याचे यंत्र आणि दगडी दळण हे सगळे ओघाने आलेच. त्याच फोनवर कोणत्या दिवशी कोणते काम चालते, दाखवायला माणूस सोबत असतो का, लहान मुलांसाठी स्वतः चॉकलेट करून पाहण्याचा वर्ग आहे का आणि त्याची नोंदणी आधी करावी लागते का, हेही विचारून घ्यावे. सुटीच्या दिवशी दुकान उघडे आणि यंत्रे बंद, असाही प्रकार होऊ शकतो.

दिवस निवडताना पंचांगाकडे एक नजर टाकायला हरकत नाही. एकादशीला आजीला चॉकलेटच्या कारखान्यात नेऊन नुसते बसवून ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे. घरात माळकरी कोणी असेल, तर अंडे, जिलेटिन किंवा रम घातलेले प्रकार कोणते, हे दुकानात शिरल्याबरोबर विचारावे आणि पाकिटावरील हिरवा ठिपका पाहूनच वस्तू त्यांच्या हातात द्यावी. मधुमेह असलेल्यांना ‘डार्क चालते’ असे कोणीतरी हमखास सांगते. ७० टक्के कोकोच्या वडीतील उरलेल्या ३० टक्क्यांत बहुतांश साखरच असते, हे लक्षात ठेवून त्यांनी तुकडा मोडावा. दुधाची किंवा शेंगदाणा, काजू, बदाम यांची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाबाबत सोबतच्या माणसाला आधीच सांगावे, कारण एकाच यंत्रावर अनेक प्रकार निघत असतात. चॉकलेट हाताळण्याच्या खोल्या थंड ठेवलेल्या असतात, तेव्हा वडीलधाऱ्यांसाठी एक शाल पिशवीत असू द्यावी. सकाळी पोटभर नाश्ता करून जावे. उपाशीपोटी गेलेली मुले पहिल्या दालनापासून ‘खायला कधी मिळणार’ एवढेच विचारतात आणि मग कोणालाच काही पाहता येत नाही.

आत गेल्यावर घाई करू नये. बहुतेक कुटुंबे निम्मा वेळ दुकानात आणि उरलेला वेळ छायाचित्रे काढण्यात घालवतात. माझ्या मते याच्या उलट करावे, कारण चॉकलेट तयार होण्याची एकेक पायरी आपल्या खळ्यात, गुऱ्हाळात आणि स्वयंपाकघरात कुठे ना कुठे भेटलेली असते आणि ती ओळख मुलांना पटवून देण्याचे काम घरातील वडीलधारी माणसेच सर्वांत चांगले करू शकतात.

कोकोचे फळ फांदीच्या टोकाला येत नाही, ते उंबरासारखे किंवा फणसासारखे थेट खोडाला लागते. आत तीस-चाळीस बिया असतात आणि प्रत्येक बीभोवती पांढरा, आंबटगोड गर असतो. बीड-धारूरकडच्या मुलांना ‘सीताफळाच्या बीसारखे’ एवढे सांगितले की पुरते. या ताज्या बीला चॉकलेटची चव अजिबात नसते. बिया गरासकट लाकडी पेट्यांत भरून, वरून केळीची पाने झाकून पाच-सहा दिवस आंबवतात. आंब्याची आढी हात घातला की गरम लागते, तशी ही रास तापते आणि तिचे तापमान ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. या उष्णतेने बीमधील अंकुर मरतो आणि चव जन्माला येते. एखाद्या मुलाने खिशात बी घालून घरी आणले आणि कुंडीत लावले, तर ते का उगवत नाही याचे उत्तर इथेच आहे. उगवले असते तरी ते आपल्याकडे टिकणे अवघड होते, कारण या झाडाला बारमाही दमट हवा आणि नारळी-पोफळीसारख्या उंच झाडांची सावली लागते. आंबवणे आणि वाळवणे सहसा बागेजवळच उरकते, त्यामुळे कारखान्यात आपल्याला दिसतात ती वाळलेल्या बियांची तागाची पोती. पोत्याजवळ मुलांना वास घ्यायला लावावा. चॉकलेटऐवजी शिरक्यासारखा आंबूस दर्प आल्यावर त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

भाजणीनंतर टरफल काढण्याच्या यंत्रासमोर मात्र थांबावेच. आम्ही गेलो तेव्हा सोबतचा तरुण हिंदीत सांगत होता की, यंत्र बी फोडते, मग हवेचा झोत हलके टरफल उडवून बाजूला नेतो आणि जड तुकडे खाली पडतात. माझ्या आईचे सारे बालपण परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. तिने काचेला हात टेकवून ते क्षणभर पाहिले आणि म्हणाली, ‘‘अगं, ही तर उफणणी! आम्ही वारं सुटायची वाट बघत बसायचो, यांनी वारंच विकत आणलंय.’’ त्यानंतर तिने नातीला जोंधळ्याचे खळे, पाटीतून सोडलेली धार, एका बाजूला साचणारा भुसा आणि डोळ्यांत जाणारे कूस यांबद्दल सविस्तर सांगितले. माहिती देणारा तरुणही थांबून ऐकत राहिला. शक्य असेल तर टरफलाचे आणि आतील मगजाचे चार तुकडे मागून घ्यावेत. मगजाचा तुकडा चावला की कडू लागतो, पण बोटांत चोळला की तेलकट डाग पडतो. बीच्या मगजात निम्म्याहून किंचित अधिक स्निग्धांश असतो आणि त्यालाच कोको बटर म्हणतात.

दळणाच्या खोलीत दगडी तळावर दगडी चाके फिरताना दिसतील. दक्षिणेत इडली-डोशाचे पीठ वाटण्यासाठी जे ओले ग्राइंडर निघाले, त्यावरच बेतलेली यंत्रे आज जगभरातील अनेक छोटे चॉकलेटवाले वापरतात. कोरडे तुकडे घातले तरी घर्षणाच्या उष्णतेने कोको बटर सुटते आणि काही वेळाने त्याचा पातळ लगदा होतो. शेंगदाण्याचे कूट मिक्सरमध्ये जास्त वेळ फिरले की त्याला तेल सुटते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना अधिक सांगायला नको. साखर घालून हे दळण एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त चालते. कण एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे बारीक झाल्यावरच जिभेला खरखर जाणवत नाही. बराच वेळ घोटत राहिले की चॉकलेट मऊ होते आणि त्यातील आंबूसपणा उडून जातो, हे तंत्र १८७९ मध्ये रोडोल्फ लिंडट याने स्वित्झर्लंडमध्ये शोधले. त्याआधी चॉकलेटची वडी दातांखाली किरकिरत असे.

शेवटची पायरी टेंपरिंगची. डार्क चॉकलेट आधी ४५ अंशांपर्यंत तापवतात, मग हलवत हलवत २७-२८ अंशांवर आणतात आणि पुन्हा ३१-३२ अंशांपर्यंत चढवतात. हे अंश सांभाळले तर वडी चकाकते, मोडताना ‘कट्’ असा आवाज होतो आणि ती ३४ अंशांच्या आसपास वितळते. तोंडातील उष्णता त्याहून किंचित अधिक असल्यामुळे ती न चावताही विरघळते. गुऱ्हाळातला गुळव्या काहिलीतील पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी दाबून पाहतो, तशी इथली कारागीर थोडे चॉकलेट कागदावर ओढते आणि ते किती मिनिटांत कसे घट्ट होते हे पाहते. मुलांसाठी वर्ग असेल तर तो या पायरीनंतरच ठेवावा, म्हणजे साचा आपटून हवेचे बुडबुडे का काढायचे हे त्यांना आपोआप कळते.

चव घेताना आधी सर्वांत कडू, मग दुधाचे आणि शेवटी पांढरे असा क्रम ठेवावा. गोडापासून सुरुवात केली की मागून येणारे सगळे कडूजहर लागते. मधे कोमट पाण्याचा घोट घ्यावा. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोची पूड नसते, फक्त कोको बटर, दूध आणि साखर असते, हे मुलांना सांगितल्यास पुढील अर्धा तास ‘मग ते चॉकलेट आहे की नाही’ या वादात मजेत जातो.

दुकानात पाकीट उलटून घटक वाचावेत. स्निग्ध पदार्थ म्हणून कोको बटर लिहिले असेल तर दर जास्त असणार, कारण ते महाग असते. त्याऐवजी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल लिहिले असेल, तर तो कंपाउंड नावाचा स्वस्त प्रकार असतो. वाढदिवसाच्या केकवर घालायला तो वाईट नाही, पण चॉकलेटच्या दराने घेऊ नये. शेजारीपाजारी वाटण्यासाठी दोन-तीन किलो घेण्यापेक्षा घरच्यांसाठी चार निरनिराळ्या वड्या घ्याव्यात, असे मला वाटते. वाटायला हैदराबादची उस्मानिया बिस्किटे आहेतच, आणि ती वितळत नाहीत.

वितळण्याचा प्रश्न मात्र खरोखर मोठा आहे. एप्रिल-मे महिन्यांत नांदेड-परभणीचा पारा चाळिशीपार असतो आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत त्याहून कितीतरी अधिक. म्हणून ही सहल दिवाळीच्या सुटीपासून संक्रांतीपर्यंत काढावी. खरेदी परतीच्या अगदी आधी करावी, वड्या वर्तमानपत्रात गुंडाळून थर्मोकोलच्या खोक्यात ठेवाव्यात आणि ते खोके मोटारीच्या डिकीत टाकू नये. बर्फाची पिशवी ठेवायची असेल तर ती वड्यांना थेट टेकू देऊ नये, कारण ओल लागली की साखर विरघळून पृष्ठभागावर येते. घरी पोचल्यावर गारव्याच्या दिवसांत कपाटातील अंधारा खण पुरेसा असतो. फ्रिजमध्ये ठेवावेच लागले तर हवाबंद डब्यात ठेवावे आणि खाण्याआधी डबा न उघडता तासभर बाहेर काढून ठेवावा. एखादी वडी वाटेत मऊ पडून पुन्हा घट्ट झाली, तर तिच्यावर पांढुरका थर दिसेल. ती बुरशी नसून वर आलेले कोको बटर असते. वडी फेकू नये, दुधात घालून उकळावी.