बांधकाम कराराच्या वादात लवादाचा अधिकार कसा तपासावा

थकलेल्या बिलासाठी लवादाची, म्हणजे न्यायालयाऐवजी दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या त्रयस्थाकडून निवाडा घेण्याची, नोटीस काढण्याआधी कंत्राटदाराने करारातील वादनिवारणाचे कलम पुन्हा वाचावे, कारण लवादाचा अधिकार दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीतूनच निर्माण होतो आणि ती संमती नसल्यास कैक बैठकांनंतर मिळालेला निवाडाही रद्द होऊ शकतो.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण शासकीय कामांच्या बी-१ करारनाम्याचे आहे. त्यातील कलम ३० नुसार अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम व बंधनकारक असतो, आणि पुष्कळ कंत्राटदार त्यालाच लवाद समजून बसत. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा लवाद करार नसल्याचे स्पष्ट केले. म्हणून 'अंतिम' या शब्दावर विसंबू नये. उभय पक्षांचे म्हणणे व पुरावे पाहून त्रयस्थाने निर्णय द्यावा आणि तो आपल्यावर बंधनकारक राहील असे करारात ठरले आहे का, हे पाहावे. 'वाद लवादाकडे सोपवता येईल' एवढेच लिहिले असेल, तर बहुधा पुढे नव्याने संमती घ्यावी लागते.

उपकंत्राटदाराने अधिक सावध राहावे. 'काम मुख्य कराराच्या अटींनुसार होईल' अशा मोघम वाक्याने मुख्य करारातील लवादाचे कलम उपकरारात येत नाही, असे एम. आर. इंजिनिअर्स विरुद्ध सोम दत्त बिल्डर्स या २००९ च्या निकालात म्हटले आहे. ते कलम लागू करायचे असल्यास उपकरारात त्याचा स्वतंत्र व स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. कार्यादेश हाती पडण्याच्या घाईत हे हमखास राहून जाते.

कलम असले तरी प्रत्येक वाद त्यात बसत नाही. दर किंवा कामाचा दर्जा यांबाबत अभियंत्याचा निर्णय अंतिम ठेवून ते विषय लवादातून वगळलेले असतील, तर त्या मागण्या लवादापुढे टिकणे कठीण असते. दाव्याचा तक्ता करताना त्या वेगळ्या काढाव्यात.

हरकत घेणाऱ्यासाठी वेळ महत्त्वाची असते. १९९६ च्या लवाद व समेट अधिनियमाच्या कलम १६ नुसार लवादाला स्वतःच्या अधिकारक्षेत्रावर निर्णय देता येतो, मात्र हरकत बचावाचे निवेदन दाखल करण्यापर्यंतच घ्यावी लागते. लवाद नेमण्यात भाग घेतला म्हणून हा हक्क जात नाही. हरकत फेटाळली गेल्यास लगेच अपील नाही: कामकाज पुढे चालते आणि निवाड्यानंतर कलम ३४ खाली न्यायालयात आव्हान देता येते. मान्य झाल्यास मात्र दावेदाराला कलम ३७ खाली अपील करता येते. दुसऱ्या पक्षाने थेट दिवाणी दावा लावला असेल, तर त्यातील पहिले म्हणणे मांडण्यापूर्वी, किंवा फार तर त्यासोबत, वाद लवादाकडे पाठवावा असा कलम ८ चा अर्ज द्यावा.

लवाद कोण, हाही संमतीचाच प्रश्न आहे. काम देणाऱ्या खात्याचाच अधिकारी लवाद म्हणून बसत असल्यास, वाद उद्भवल्यानंतर दोन्ही पक्षांनी स्पष्ट लेखी करार करून हरकत सोडली असेल तरच तो चालतो. मूळ करारावरील सही किंवा सुनावणीतील मौन पुरत नाही. त्यामुळे खात्याकडून येणाऱ्या 'ना हरकत' पत्रावर वकिलाला दाखवल्याखेरीज सही करू नये.