कुत्र्याच्या तोंडाचा वास घालवणारी घरची बिस्किटं: सगळी मदार सुकवण्यावर

पीठ भिजवण्याआधी कुत्र्याचा वरचा ओठ मागच्या बाजूने उचलून बघा. दाढांवर, हिरडीला लागून पिवळट-तपकिरी किटण जमलंय का? हिरडीची कड लालभडक आहे का? बोट लावल्यावर रक्त येतंय का? यातलं काहीही दिसलं तर आज बिस्किटं करू नका, व्हेटची वेळ घ्या. तोंडाचा वास बहुतेक वेळा तिथूनच येतो. दातांवर जिवाणूंचा चिकट थर बसतो, ते जिवाणू गंधकाचे वायू सोडतात आणि आपल्याला येतो तो हाच वास. हा थर वेळच्या वेळी निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत घट्ट व्हायला लागतो. एकदा त्याचं किटण झालं की कुठलंही बिस्किट ते काढू शकत नाही. ते भूल देऊनच काढावं लागतं.

वास नेहमीसारखा नसेल तरीही थांबा. गोडसर, पिकल्या फळासारखा वास मधुमेह बिघडल्याची खूण असू शकते. लघवीसारखा उग्र वास येत असेल तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. अशा वेळी पुदिना खाऊ घालून वास झाकणं म्हणजे दुखणं झाकणं.

तोंड तपासून झालं, दात बऱ्यापैकी स्वच्छ आहेत आणि रोज ब्रशही होतोय, असं असेल तर ही बिस्किटं करण्यात अर्थ आहे. ती दोन कामं करतात. पार्सली (कोथिंबिरीसारखा दिसणारा पाला) आणि पुदिन्याने श्वास थोडा वेळ ताजा राहतो. आणि बिस्किट नीट सुकलेलं असेल तर चावताना दाताला घासून जातं, मऊ थर थोडाफार खरवडला जातो. यापलीकडे मी काही सांगणार नाही. पंधरा दिवसांत दात पांढरेशुभ्र होतील असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

साहित्य थोडंच आहे. २०० ग्रॅम ओट्स मिक्सरमध्ये भरड दळून, एक अंडं, ३० ग्रॅम पार्सली, १५ ग्रॅम साध्या पुदिन्याची पानं, एक मोठा चमचा तेल आणि लागेल तसं पाणी. पाणी साधारण ४० ते ६० मिली पुरतं. मीठ नाही, साखर नाही, मध नाही.

काय घालायचं नाही ते मात्र नीट वाचा, कारण चुकीचे सल्ले याच बाबतीत सर्वात जास्त मिळतात.

झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो एक गोड पदार्थ, कुत्र्यांसाठी विष आहे. शुगर-फ्री च्युइंग गम, माणसांच्या काही टूथपेस्ट, काही पीनट बटर यांत ते असतं. अगदी थोडं पोटात गेलं तरी कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली येते, आणि जास्त गेलं तर यकृत निकामी होऊ शकतं. पीनट बटर घालायचंच असेल तर डब्यावरची सगळी यादी वाचा. बर्च शुगर असं लिहिलं असेल तर तेही झायलिटॉलच. पुदिन्याच्या ताज्या पानांऐवजी पुदिन्याचं तेल किंवा अर्क वापरू नका. पेनीरॉयल नावाची पुदिन्याच्या कुळातली वनस्पतीही चालत नाही, ती विषारी आहे. बेकिंग सोडा दात चमकवतो म्हणून तो चमचाभर पिठात घालायला सांगतात. घालू नका, त्यात सोडियम भरपूर असतं आणि आपल्याला बिस्किट फुगवायचंही नाही. लसूण, कांदा, जायफळ, मनुका, चॉकलेट यांतलं काहीही नको. कुत्र्याला मूतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा कुत्री गाभण असेल, तर पार्सलीबद्दल आधी व्हेटला विचारा.

खोबरेल तेलाने तोंडातले जिवाणू मरतात म्हणून वाटीभर तेल ओतणारेही भेटतात. आपण तेल घालतो ते फक्त मोहन म्हणून, बिस्किट खुसखुशीत व्हावं एवढ्यासाठी. एक चमचा पुरे. जास्त चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ते दुखणं फार वाईट.

आता कृती. पार्सली आणि पुदिना धुऊन स्वच्छ फडक्यात गुंडाळा आणि घट्ट पिळा. मग अगदी बारीक चिरा. ही पायरी टाळू नका. ओलसर पानांच्या जाड तुकड्याभोवती पीठ शेवटपर्यंत ओलं राहतं. सगळं एकत्र करून गोळा बांधा. तो घट्ट असावा, हाताला चिकटू नये. मळत बसायची गरज नाही. दहा मिनिटं झाकून ठेवा म्हणजे ओट्स पाणी धरतील. सहा मिलिमीटर जाडीचं लाटून तीन सेंटिमीटरचे चौकोन कापा. साठेक होतात.

प्रत्येक तुकड्याला काट्याने आरपार तीन-चार भोकं पाडा. वाफ तिथूनच बाहेर पडते.

भाजणं सोपं आहे. ओव्हन १६० अंशांवर तापवा आणि २५ मिनिटं भाजा. कड किंचित सोनेरी झाली की पुरे.

आणि खरं काम इथून पुढे सुरू होतं. बहुतेक कृती इथे संपतात, ‘गार करून डब्यात भरा’ असं म्हणून. याच एका वाक्यामुळे माझी पहिली चार-पाच खेपांची बिस्किटं वाया गेली, आणि एकदा त्याहून वाईट झालं.

तेव्हा मी २५ मिनिटं भाजून, बाहेरून छान टणक झालेली बिस्किटं काचेच्या बरणीत भरली होती. बिट्टी, आमची कुत्री, रोज दोन खायची. पाचव्या दिवशी एक तुकडा हाताने मोडला तर मधोमध हिरवट-पांढऱ्या बुरशीचे धागे दिसले. बाहेरून काहीही कळत नव्हतं. तिने आदल्या दिवशी त्याच बरणीतले दोन खाल्ले होते. त्या रात्री तिला चार वेळा उलटी झाली आणि मी पहाटेपर्यंत तिच्याशेजारी जमिनीवर बसून होते. सकाळी व्हेटकडे नेलं, ती सावरली. पण बुरशी साधी गोष्ट नाही हे मला तेव्हा समजलं. काही बुरशींच्या विषाने कुत्र्यांना थरथर सुटते, झटके येतात. तेव्हापासून मी आत न पाहता एकही खेप बरणीत भरलेली नाही.

चूक कुठे होते ते सांगते. आच मोठी असली की बाहेरचा थर आधी सुकून घट्ट होतो आणि आतलं पाणी आतच कोंडलं जातं. भाजल्यावर बिस्किट टणक लागतं, म्हणून आपल्याला वाटतं झालं. बरणीत गेल्यावर ते पाणी हळूहळू बाहेर यायला लागतं. बिस्किट सादळतं, आणि बंद बरणीतल्या त्या ओलीवर बुरशी धरते.

मग मी उलट चूक केली. पुढच्या खेपेला २०० अंशांवर भाजत राहिले, एकही थेंब राहू नये म्हणून. निघाले ते दगड. बिट्टी एक तुकडा तोंडात घेऊन कोपऱ्यात गेली, बराच वेळ चघळत राहिली आणि शेवटी तो तसाच टाकून आली. मी नख रोवून पाहिलं, ओरखडासुद्धा उमटला नाही. ते सगळे फेकले. कुत्र्याच्या वरच्या मोठ्या दाढेचा टवका उडतो तो अशाच जिद्दीने कडक वस्तू चावताना. हाडं, शिंगं, बर्फाचे खडे हीच त्याची नेहमीची कारणं. ‘जितकं कडक तितके दात स्वच्छ’ असं सांगणाऱ्यांनी तुटलेली दाढ कधी पाहिलेली नसते.

तेव्हा आपल्याला हवं आहे आतपर्यंत कोरडं, पण चावल्याबरोबर मोडणारं बिस्किट. ते मिळतं मंद आचेवर आणि वेळ देऊन. भाजून झालं की ओव्हन ९० ते ९५ अंशांवर आणा. तुकडे उलटे करा, जाळीवर एकमेकांना न चिकटता पसरा. दीड ते दोन तास तसेच ठेवा. दर वीस मिनिटांनी दार उघडून वाफ बाहेर जाऊ द्या. पहिल्या दोन वेळा चेहऱ्यावर गरम दमट हवा येईल. शेवटी येणारी हवा गरम पण कोरडी लागली पाहिजे. मग ओव्हन बंद करा आणि बिस्किटं रात्रभर आतच राहू द्या.

ओट्सच का, हेही इथे कळतं. गव्हाच्या पिठात ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन असतं. ते पीठ मळून सुकवलं की बिस्किट चिवट आणि दगडासारखं होतं. ओट्सची भरड सुकल्यावरही भुसभुशीत राहते. म्हणून ‘ओट्स नसतील तर कणीक चालेल’ हे मला मान्य नाही.

झालं की नाही हे अंदाजाने ठरवू नका. माझ्याकडे तीन खुणा आहेत आणि मी तिन्ही पाहते. पहिली वजनाची. गोळा मळल्यावर वजन करून ठेवा. ३८० ग्रॅमचा गोळा सुकून २४० ग्रॅमच्या खाली आला पाहिजे. २७० वर अडकला असेल तर आत पाणी आहे, पुन्हा तासभर ठेवा. दुसरी मोडून पाहण्याची. पूर्ण गार झाल्यावर, ट्रेच्या मधल्या भागातले तीन तुकडे मोडा. गरम असताना सगळीच बिस्किटं मऊ लागतात, तेव्हाची परीक्षा खोटी. तुकडा टणकन आवाज करून मोडला पाहिजे आणि आतला रंग कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा हवा. मध्ये गडद ठिपका दिसला तर तो ओलावा. त्याच मोडलेल्या कडेवर नख दाबा. चुरा पडला तर दात सुरक्षित आहे. तिसरी खूण बरणीची. गार झालेली बिस्किटं कोरड्या काचेच्या बरणीत घालून रात्रभर झाकण लावून ठेवा. सकाळी झाकणाच्या आतून धुकं दिसलं किंवा बिस्किट किंचितही सादळलं असेल तर सगळी परत ओव्हनमध्ये. तिन्हीतून उतरली तरच ती कुत्र्याला द्या.

नीट सुकलेली बिस्किटं हवाबंद डब्यात दहा दिवस ठेवते. त्यापुढची फ्रीझरमध्ये, लहान पुड्या करून. बाहेर काढलेली पुडी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर थंड बिस्किटांवर पाणी धरतं आणि सगळी मेहनत फुकट जाते.

एका तुकड्यात साधारण सोळा कॅलरी असतात. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला ५५० ते ६०० लागतात, आणि खाऊ त्याच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये. म्हणजे तीन तुकडे ही वरची हद्द. मी दोनच देते. कुत्रा न चावता गिळणारा असेल तर त्याला मोठा तुकडा द्या, हातात धरून, आणि त्याला कडेच्या दाढेने तोडू द्या. गिळलेल्या बिस्किटाने दात घासले जात नाहीत, आणि लहान तुकडा घशात अडकण्याची भीतीही असते. पहिल्यांदा देताना अर्धाच द्या आणि दुसऱ्या दिवशी शी बघा.

बिट्टीला रात्रीच्या जेवणानंतर, आधी ब्रश आणि मग बिस्किट. हा क्रम मी मुद्दाम ठेवलाय. ब्रशची पेस्ट कुत्र्यांसाठीची, माणसांची कधीच नाही. बिस्किट मिळणार हे ठाऊक असल्यामुळे आता ब्रश काढला की ती स्वतःच येऊन बसते आणि वरचा ओठ उचलू देते. रोज तेवढ्यात हिरडीची कडही बघून होते.