साठा तपासणीत नमुना कसा निवडला: माझा अनुभव

साठ्याच्या नोंदी सुमारे ४,००० आणि हाताशी दोनच दिवस. मी सरळ यादृच्छिक पद्धतीने ६० नोंदी उचलल्या. बघतो तर काय, निम्म्याहून जास्त वायसर, स्क्रू, असला किरकोळ माल! महागडी यंत्रं जवळपास सगळी सुटली. पद्धत चुकीची नव्हती. माझा प्रश्न वेगळा होता. मला नोंदी किती चुकल्या हे नको होतं, रक्कम कितीने फुगली हे हवं होतं.

मग किमतीच्या प्रमाणात निवड केली, म्हणजे प्रत्येक रुपया एक घटक. एकूण किंमत ६० लाख, चालेल अशी चूक ३ लाख. ९५ टक्के खात्रीसाठी, एकही चूक अपेक्षित नसेल तर, ३ लाखांना ३ ने भागायचं: अंतर १ लाख, म्हणून नमुने ६०. सुरुवातीचा आकडा यादृच्छिक घ्यायचा आणि चढत्या बेरजेत (नोंदींच्या किमती एकामागून एक मिळवत जाताना) दर लाखाला येणारी नोंद उचलायची. लाखाच्या वरची एकही नोंद सुटत नाही, हे मला फार आवडलं.

पण या पद्धतीला शून्य किंवा उणे शिल्लक दिसतच नाही, आणि कमी दाखवलेला मालही सहज निसटतो. म्हणून उणे नोंदी आधीच वेगळ्या काढून सगळ्या तपासल्या. शिवाय गोदामातल्या फळ्यांवरून २५ वस्तू निवडून त्या वहीत शोधल्या. दोन वहीत नव्हत्याच.