लेथवाल्यानं दारूगोळा फॅक्टरीचं काम कसं घ्यावं

फेब्रुवारी 2025 मध्ये पिनाका रॉकेटांची 10,147 कोटींची ऑर्डर निघाली आणि माझा फोन वाजायचा थांबेना. देवळी, आर्वी, हिंगणघाट, जिथं म्हणून कोणाचं लेथचं दुकान आहे तिथून एकच विचारणा: "भाऊ, आपल्यालेही त्यातलं काही भेटन का?" भेटते. पण पेपरातल्या बातमीकडं बघत बसून भेटत नाही. मी पुलगाव रोडला वर्कशॉप चालवतो. दोन लेथ, एक मिलिंग, कर्जावर घेतलेलं एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन. हंगामात जिनिंगचे शाफ्ट, बाकी वर्षभर फॅक्टऱ्यांचे सुटे भाग. सगळ्यांना तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

आधी बातमी वाचायला शिका. "संरक्षण खरेदी परिषदेनं इतक्या हजार कोटींना मंजुरी दिली" असं छापून आलं म्हणजे फौजेला वस्तू लागते एवढं मान्य झालं. त्यानंतर निविदा, चाचण्या, भावाची घासाघीस, मग वरची मंजुरी आणि शेवटी करार. मधे वर्षं जातात, कधी प्रस्ताव मरूनही जातो. मंजुरीच्या बातमीवर मशीन बुक करणारे मी पाहिले आहेत. करार झाल्याची बातमी वेगळी. पिनाकाचा तो करार नागपूरची इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज आणि सरकारी म्युनिशन्स इंडिया या दोघांशी झाला. आपण त्यांच्या खालच्या खालच्या पायरीवर. ते आधी आपलं उत्पादन लावतील, मग सुट्या भागांची टेंडरं काढतील, तेव्हा आपला नंबर.

दुसरं, आता फॅक्टऱ्यांचा मालक बदलला आहे. 1 ऑक्टोबर 2021 ला सरकारी शस्त्र-दारूगोळा फॅक्टऱ्या चालवणारं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडलं आणि 41 फॅक्टऱ्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. आपल्याकडची भंडारा आणि भद्रावतीची चांदा फॅक्टरी म्युनिशन्स इंडियात गेली, तिचं मुख्यालय पुण्याला. नागपूरची अंबाझरी फॅक्टरी गेली यंत्र इंडियात, त्याचं मुख्यालय नागपुरातच. पूर्वी फौजेची मागणी बोर्डाकडं आपसूक यायची. सुरुवातीला सातही कंपन्यांना मिळून 65,000 कोटींच्या वर जुनी कामं करार म्हणून दिली, पण पुढचं काम त्यांनी खासगीवाल्यांशी भाव लावून मिळवायचं आहे. याचा आपल्याला अर्थ एवढाच की फॅक्टरीला एक वर्ष कामाचा पूर येईल आणि दुसऱ्या वर्षी टेंडरच निघणार नाही. म्हणून जिनिंगचं गिऱ्हाईक सोडू नका. ते उधारी बुडवेल, पण दरवर्षी येईल.

कोण काय घेतं हे बघून दार निवडा. अंबाझरीत शेल (तोफगोळ्याचं कवच) आणि फ्यूज (गोळा फोडणारी कळ) यांचे धातूचे भाग होतात, म्हणून तिथं लेथवाल्याला खरं खाद्य. चांद्यात दारूगोळा भरतात. त्यांना बाहेरून हार्डवेअर आणि पॅकिंग लागतं. भंडाऱ्यात स्फोटकं आणि प्रोपेलंट (गोळा ढकलणारी बारूद), तिथं आपल्यासाठी प्लँटच्या मेंटेनन्सचं काम: पंपाचे शाफ्ट, बुश, कपलिंग, फ्लँज. माझं ऐकाल तर सुरुवात या मेंटेनन्सच्या सुट्या भागांनीच करा. रक्कम लहान असते, पण तपासणी दारूगोळ्याइतकी कडक नसते आणि तुमच्या नावावर पुरवठा केल्याचा कागद जमा होतो. पुलगावचा दारूगोळा डेपो ही फौजेची जागा आहे, कंपनी नाही. तिथली नेहमीची खरेदी संरक्षण मंत्रालयाच्या मॅन्युअलनं होते. 1 नोव्हेंबर 2025 पासून नवं मॅन्युअल लागू आहे, आणि नवीन वस्तू विकसित करून देणाऱ्याला त्यात उशिराच्या दंडात बरीच सूट दिली आहे. फॅक्टऱ्या आता कंपन्या असल्यानं त्यांचं मॅन्युअल वेगळं. टेंडरच्या अटी दर वेळी नव्यानं वाचा, मागच्या वेळचं धरून चालू नका.

कागदपत्रांचा फार बाऊ करू नका. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका), जीएसटी, पॅन, क्लास थ्री डिजिटल सही, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर विक्रेता म्हणून खातं. उद्यममध्ये सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल तर अनामत रक्कम आणि टेंडर फी माफ होते. काम मिळाल्यावर हमी म्हणून ठेवायची रक्कम, म्हणजे परफॉर्मन्स सिक्युरिटी, मात्र माफ होत नाही, ती धरून चाला. आपला भाव सर्वात कमी भावाच्या 15 टक्क्यांच्या आत असेल आणि कमी भाववाला सूक्ष्म-लघु उद्योग नसेल, तर त्याच्या भावाला यायची तयारी दाखवून किमान 25 टक्के माल द्यायची संधी आपल्याला मिळते. संरक्षण मंत्रालयाचं सृजन पोर्टलही चाळत राहा. आयात होणारे भाग इथं बनवून हवेत अशी यादी तिथं असते. तिथं 'इच्छुक' म्हणून नाव टाकणं म्हणजे ऑर्डर नव्हे, पण कोणत्या फॅक्टरीचं काय अडलं आहे ते घरबसल्या कळतं.

आता खऱ्या कामाचं. टेंडर उघडलं की रक्कम बघू नका, ड्रॉइंग बघा. आणि ड्रॉइंगमध्येही चित्राआधी कोपऱ्यातली चौकट. तिथं धातूचा स्पेसिफिकेशन नंबर, सर्वसाधारण टॉलरन्स (मापात चालणारा फरक), फिनिश आणि ड्रॉइंगचा सुधारणा क्रमांक असतो. टेंडरमध्ये लिहिलेला सुधारणा क्रमांक आणि ड्रॉइंगवरचा जुळत नसेल तर बिड भरण्याआधी लेखी विचारा. जुन्या आवृत्तीवर अख्खा लॉट काढून बसलेल्या माणसाचं कोणी ऐकून घेत नाही. मग आटे बघा. जुन्या डिझाइनांत इंची आटे सापडतात, ते तपासायचे रिंग गेज आणि प्लग गेज नागपुरातही पटकन मिळत नाहीत, करून घ्यावे लागतात. शेवटी संरक्षक लेप: फॉस्फेटिंग, झिंक की कॅडमियम. आपल्या गावात यातलं काही होत नाही, हिंगणा एमआयडीसी गाठावी लागते. कठीण केलेल्या स्टीलवर प्लेटिंग असेल तर प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत काही तास तापवायची अट असते. प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन धातूत शिरतो, तो काढला नाही तर भाग दिसायला चकाचक आणि ताण आला की तडकतो. हे तापवणं खरंच झालं का, याचा भट्टीचा चार्ट प्लेटिंगवाल्याकडून मागून घ्या.

भाव काढताना आपली माणसं मार खातात. समजा एका ॲडॉप्टरचं 2,000 नगांचं काम आहे. धातू, टर्निंग, आटे, लेप धरून दुकानातला खर्च नगाला 140 रुपये. गावाकडचा हिशेब सांगतो: 160 लावा, वीस सुटतील. आता पुढचं जोडा. गेज करून घ्यायला 38,000. लॅबची तपासणी 12,000. नमुन्याचे 20 नग फुकट, 2,800. पॅकिंग नगाला 8 प्रमाणे 16,000. गाडीभाडं आणि फेऱ्या 10,000. चार टक्के नग बाद धरले तर 11,200. आणि 2 लाख 80 हजार पाच महिने अडकले, 12 टक्क्यांनी व्याज 14,000. झाले 1,04,000, म्हणजे नगाला 52. तुमचा नग 192 ला पडला, नफा अजून धरलाच नाही. 160 ला घेतलेल्या कामात तुम्ही 64,000 रुपये घालून फॅक्टरीची सेवा केली. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे वेगळे येतील, पण एकही ओळ गाळू नका. गेजचा खर्च एकदाच येतो, म्हणून तोच भाग पुन्हा निघेल का हे बघून मग तो किती नगांवर वाटायचा ते ठरवा.

जेमवर पुष्कळदा बिडनंतर रिव्हर्स ऑक्शन लागतं. स्क्रीनवर भाव उतरताना दिसतो आणि माणसाला चेव येतो, शंकरपटात हाकणाऱ्याला येतो तसा. बसण्याआधी शेवटचा भाव कागदावर लिहा आणि तो कागद बायकोकडं द्या. माझ्याकडं हीच पद्धत आहे. ती वर्कशॉपचा हिशेब बघते, आणि तिनं नाही म्हटलं की लॅपटॉप बंद.

ऑर्डर आली की पहिली धाव धातूसाठी. स्वस्तातला भंगारबाजारी रॉड इथं चालत नाही. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट आणि त्यावरचा हीट नंबर (धातूच्या ओतणीचा क्रमांक) बारवर ठोकलेल्या नंबराशी, म्हणजे पंचशी, जुळला पाहिजे. बार कापताना पंच असलेलं टोक शेवटी कापा, नाहीतर उरलेल्या तुकड्याची ओळखच जाते. प्रत्येक तुकड्याला रंगाचा पट्टा मारून ठेवा. शिवाय मधून एक तुकडा एनएबीएल मान्यतेच्या लॅबला पाठवा, डीलरच्या कागदावर अंधपणे विसंबू नका. व्हर्निअर, मायक्रोमीटर, गेज, सगळ्यांचं कॅलिब्रेशन (माप बरोबर दाखवतं याची तपासणी) चालू तारखेचं हवं. आपली क्षमता बघायला फॅक्टरीची टीम आली तर ती मशीनच्या किमतीपेक्षा हेच बघते. आणि मापं कोण, केव्हा, कशानं घेतो त्याची वही बघते. वर्ध्याच्या आयटीआयचा एखादा पोट्टा फक्त मोजायला ठेवा. जो जॉब काढतो त्यानंच मोजला तर तो स्वतःला नापास करत नाही.

मग नमुना. टेंडरमध्ये आधी नमुना मागितला असेल तर तो पास होऊन मोठ्या उत्पादनाची लेखी परवानगी येईपर्यंत एकही जादा नग काढू नका, कोणी तोंडी कितीही सांगो. नमुना जुन्या कारागिराकडून लाडानं काढून घ्यायचा आणि लॉट नव्या पोराकडं, असंही करू नका. ज्या मशीनवर, ज्या माणसाकडून लॉट निघणार, त्याच्याकडूनच नमुना काढा. आट्यांची बर (कापताना राहिलेली धारदार कड) काढून साफ, नग तेल लावून गंजरोधक कागदात, खोक्यावर ऑर्डर नंबर, लॉट नंबर, हीट नंबर. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत उघडे नग दोन दिवसांत तांबूस होतात.

इन्स्पेक्टर छोट्या गोष्टीवर अडून बसतो म्हणून आपली माणसं वैतागतात. "काहून इतका त्रास देऊन राहिले?" म्हणून मलाच विचारतात. आमच्या भागात हा प्रश्न विचारू नये. 30-31 मे 2016 च्या मध्यरात्री पुलगावच्या डेपोत आग लागली, दोन अधिकाऱ्यांसह जवान आणि अग्निशामक दलाची माणसं गेली, आजूबाजूची गावं रातोरात रिकामी करावी लागली. 2018 मध्ये सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला, त्यात मजुरीला गेलेली आपल्याच गावांतली माणसं होती. दारूगोळ्याच्या जवळ जाणारा कुठलाही भाग सैल मापाचा नको, एवढं त्यावरून मला पटतं.

पैशाचं. कायद्यानं सूक्ष्म-लघु उद्योगाला माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. माल पोचून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असं धरलं जातं, म्हणून पोचपावतीवर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय गाडी परत आणू नका. उशीर झाला तर लहान उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार आणि चक्रवाढ व्याज हा तुमचा हक्क आहे. एका ठिकाणी माझं बिल कागदाच्या एका खुणेवरून कित्येक महिने टेबलावर पडलं होतं, तरी मी तक्रारीपेक्षा ट्रेड्सचा, म्हणजे बिलावर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेचा, रस्ता धरा म्हणेन. सरकारी कंपन्या ट्रेड्सवर असतात. त्यांनी बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, थोडं व्याज कापून पैसे आधी मिळतात, आणि कंपनीनं पुढं पैसे दिले नाहीत तरी बँक तुमच्याकडं वसुलीला येत नाही. उशीर तुमचा असेल तर दर आठवड्यामागं करारात ठरलेल्या टक्केवारीनं बिलातून कपात होते. अडचण आली तर तारीख उलटण्याआधी मुदतवाढ मागा, उलटल्यावर नाही.

घरात इंजिनियर पोट्टा असेल आणि त्याच्या डोक्यात ड्रोनबिन काही असेल तर त्याला आयडेक्सकडं, म्हणजे संरक्षणातल्या नव्या कल्पनांना पैसे देणाऱ्या सरकारी योजनेकडं, पाठवा. 2018 पासून ती योजना आहे, तिच्या मूळ प्रकारात दीड कोटीपर्यंत अनुदान मिळतं, पण तेवढाच वाटा स्वतः घालावा लागतो. तो लेथवाल्याचा रस्ता नाही.

परवान्याबद्दल फार विचारतात. नुसत्या धातूच्या सुट्या भागांना बहुतेक वेळा संरक्षण उत्पादनाचा औद्योगिक परवाना लागत नाही. यादी बघून खात्री करा. पण स्फोटक, बारूद, भरणं, यातल्या कशाच्याही जवळ जाऊ नका. त्याचं नियंत्रण करणाऱ्या पेसो संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे, आणि तो धंदा वेगळ्या माणसांचा, वेगळ्या जागेचा आहे. ड्रॉइंग मिळालं की ते व्हॉट्सॲपवर फिरवू नका, प्लेटिंगवाल्यालासुद्धा त्याला लागतं तेवढंच पान द्या. त्यावर 'प्रतिबंधित' शिक्का असतो तो शोभेला नाही.

आणि बाद झालेले नग भंगारवाल्याला अख्खे विकू नका. आधी गॅसनं किंवा करवतीनं दोन तुकडे करा, आटे ठेचा, किती नग तोडले ते वहीत लिहा, फॅक्टरीनं माणूस पाठवायचं म्हटलं तर त्याच्या समोर तोडा. मग खुशाल किलोच्या भावानं द्या.