शेल तेल उद्योगाचे टप्पे आखताना या चुका टाळा

आधी नावातला घोळ मिटवू. ‘शेल तेल’ हे एकच नाव दोन वेगळ्या गोष्टींना लावतात. टेक्सासमध्ये फ्रॅकिंग करून, म्हणजे जोराच्या दाबाने पाणी घुसवून खडकाला भेगा पाडून, काढतात ते खडकात अडकून बसलेलं तयार तेल. कोलोरॅडोतल्या ग्रीन रिव्हर खडकात मात्र केरोजेन असतं, म्हणजे अजून तेल न बनलेला सेंद्रिय पदार्थ. तो खडक खणायचा, फोडायचा आणि भट्टीत साधारण 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा, तेव्हा कुठे तेल सुटतं. एकाचे आकडे दुसऱ्याच्या आराखड्यात घातले की पुढचा सगळा हिशोब फसतो. इथे बोलतोय ते या भाजायच्या खडकाबद्दल.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टप्प्यांपुढे नुसत्या तारखा लिहिणं. 1980 मध्ये एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीने 2010 पर्यंत रोज 80 लाख बॅरल शेल तेलाचं चित्र रंगवलं होतं. कोलोरॅडोतल्या पॅराशूट गावाजवळ कॉलनी प्रकल्पाचं काम सुरू झालं आणि तेलाचा थेंब निघायच्या आत कामगारांसाठी बॅटलमेंट मेसा ही वसाहत उभी राहू लागली, तीही 25 हजार वस्तीच्या हिशोबाने. खर्चाचा अंदाज 5 अब्ज डॉलरच्या पुढे सरकला, तेलाचे भाव नरमले आणि 2 मे 1982 रोजी, रविवारी, कंपनीने काम थांबवलं. दोन हजारांहून जास्त लोकांची नोकरी एका दिवसात गेली. त्या भागात तो दिवस आजही ‘ब्लॅक संडे’ म्हणून ओळखतात. वसाहतीतली घरं पुढे निवृत्त लोकांना विकावी लागली. कामगारांनी संसार तिथे हलवले होते, हे मला विसरता येत नाही.

दुसरी चूक: प्रयोगशाळेतली भट्टी चालली म्हणजे मोठीही चालेल असं धरून चालणं. युनोकॉल या दुसऱ्या तेल कंपनीचा कारखाना रोज 10 हजार बॅरलसाठी बांधला होता. सरकारने भावाची हमी देऊनही तो त्या क्षमतेला कधी पोचला नाही आणि 1991 मध्ये बंद झाला. तुमची भट्टी वारंवार बंद पडत असेल, तर दुसरी बांधायला घेऊ नका. पहिलीच सलग कित्येक महिने चालवून दाखवा.

राखेचा, म्हणजे भाजून उरलेल्या खडकाचा, हिशोब तर हमखास राहतो. टनाला 25 गॅलन तेल देणारा खडक म्हणजे चांगला खडक. बॅरल 42 गॅलनचं, म्हणजे बॅरलमागे पावणेदोन टनांच्या आसपास खडक. रोज 50 हजार बॅरल हवे असतील तर 84 हजार टन, दहा टनी ट्रकच्या 8,400 खेपा! भाजून झालेला खडक फुगतो, त्यामुळे सगळा परत खाणीत मावत नाही. उरलेला ढीग कुठल्या दरीत जाणार आणि त्यावर पडलेलं पावसाचं पाणी कुठे झिरपणार, हे पहिल्याच टप्प्यात नकाशावर दिसलं पाहिजे.

पाण्याचंही तसंच. बॅरलमागे एक ते तीन बॅरल पाणी लागतं, आणि कोलोरॅडो नदीवर 1922 च्या करारापासून सात राज्यांचा हक्क आहे.

आराखडा हातात असेल तर प्रत्येक टप्प्यापुढे तारखेच्या जागी अटी लिहा: भट्टी सलग किती दिवस चालली, तेलाचा भाव किती खाली गेला तरी परवडेल, पाण्याचा हक्क कागदावर आहे का. एकही अट अपुरी असेल तर पुढचा टप्पा थांबवा. आणि प्रकल्प मध्येच बंद पडला तर कामगारांची देणी व राखेचे ढीग सावरायला लागणारा पैसा पहिल्या टप्प्यातच वेगळा काढून ठेवा.