वर्गात वस्तू हरवली आणि नजरा पालावरच्या पोराकडे वळल्या, तेव्हा

तिसऱ्या तासाला कुणाची तरी कंपासपेटी सापडत नाही. सर काही बोलायच्या आत चार-पाच माना शेवटच्या बाकाकडे वळतात. तिथे पालावरचं, म्हणजे भटक्यांच्या तंबूवस्तीतलं, पारध्याचं पोर बसलेलं असतं. पूर्वग्रहावर भाषण द्यायची ही वेळ नव्हे. पुढच्या दहा मिनिटांत तुम्ही काय करता आणि कोणत्या क्रमाने करता, ते वर्ग लक्षात ठेवतो.

‘चोरी’ हा शब्द तोंडातून काढू नका, ‘सापडत नाही’ म्हणा. शोधायला सुरुवात ज्याची पेटी त्याच्यापासून: दप्तराचे सगळे कप्पे, बाकाखाली, परिपाठाला तो जिथे बसला होता ती जागा, मग घरी फोन. दुसऱ्या कुणाचं दप्तर उघडायचं नाही. ‘सगळ्यांचीच तपासतो’ म्हटल्याने न्याय झाल्यासारखा वाटतो, पण त्या वेळी अख्खा वर्ग एकाच दप्तराकडे बघत असतो. त्यात काही निघालं नाही, तर ‘लपवली असेल’ हे ठरलेलंच. त्यापेक्षा मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक खोका ठेवा. उद्याच्या मधल्या सुट्टीपर्यंत वस्तू त्यात आली तर कोणी ठेवली हे विचारणार नाही, असं सांगा. आणि मग खरंच विचारू नका.

हमखास राहून जाते ती शेवटची पायरी. पेटी घरी पलंगाखाली निघाली, तर ते त्याच वर्गात, त्याच मुलांसमोर, मोठ्याने सांगायचं. बहुतेक ठिकाणी पेटीचा मालक गुपचूप पेटी घेऊन येतो आणि विषय मिटतो. संशय मात्र वर्गात तसाच राहतो. दुसऱ्या दिवशी पालावरचं पोर आलं नाही की त्यावर शिक्काच बसतो: ‘बघा, पळालं.’ खरं तर माराच्या भीतीने ते येत नाही. म्हणून त्याच संध्याकाळी कुणीतरी पालावर जाऊन आईबापांना सांगून यावं की पोरावर आळ नाही, उद्या पाठवा.

या माना वळायला शिकल्या कुठे? १८७१ साली इंग्रजांनी ‘गुन्हेगार जमाती’ कायदा केला आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने इतर प्रांतांत लागू झाला. यादीतल्या जातीत जन्मलं की माणूस संशयित. पोलिसांकडे नोंद, ठरल्या वेळी हजेरी, काहींना तारेच्या कुंपणाआड वस्ती. सोलापुरातल्या एका भागाला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात ते त्यावरूनच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, पण तो बोलीतून गेला नाही. लुच्च्या माणसाला आपण सहज ‘भामटा’ म्हणतो, पाकीटमाराला ‘उचल्या’. दोन्ही जातींची नावं आहेत. भामटा महाराष्ट्राच्या विमुक्त (म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या) जातींच्या यादीत आहे, आणि त्या जातीचं मूल पाचवीच्या वर्गात बसून हा शब्द ऐकत असतं. ‘पारध्यासारखा काय राहतोस’ हेही तसंच. शिक्षकांच्या खोलीत आधी हे शब्द बंद करा; मुलं तिथूनच उचलतात.

दुसरं कारण आपल्या मोजण्यात आहे. हॅमिल्टन आणि गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये लोकांना दोन गटांविषयी वाक्यं वाचायला दिली. मोठ्या गटाची १८ चांगली, ८ वाईट; छोट्याची ९ चांगली, ४ वाईट. प्रमाण तंतोतंत सारखं, तरी लोकांना छोटा गटच जास्त वाईट वाटला. थोडी माणसं आणि क्वचित घडणारी गोष्ट एकत्र आली की ती डोक्यात रुतते. वर्गात चाळीसपैकी दोन मुलं पालावरची असली की नेमकं हेच होतं. यावर एक साधी वही ठेवा. रकाने चार: तारीख, वस्तू, संशय कोणावर गेला, शेवटी कुठे सापडली. सत्र संपलं की शिक्षकांच्या बैठकीत ती वाचा. नावं मुलांसमोर वाचायची नाहीत.

शिष्यवृत्तीच्या वेळी ‘एस.टी.वाले उभे राहा’ ही सवय तर ताबडतोब सोडा. हॉफ आणि पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दलित आणि सवर्ण मुलं जवळपास बरोबरीने सोडवत होती. सगळ्यांसमोर जात वाचल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. कागदपत्रं एकेकाला बोलावून, ऑफिसात घ्या.

मुलांना ‘मिळून-मिसळून राहा’ सांगून भागत नाही, एकमेकांवाचून अडेल असं काम द्यावं लागतं. अमेरिकेत १९७१ पासून वापरात असलेली एक रीत जिल्हा परिषदेच्या शाळेतही चालते. धड्याचे पाच भाग करा आणि पाच-पाच मुलांचे मिश्र गट पाडा. प्रत्येकाला एकच भाग मिळतो. तोच भाग मिळालेली सगळ्या गटांतली मुलं आधी दहा मिनिटं एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात येऊन शिकवतात. चाचणी मात्र पूर्ण धड्यावर, प्रत्येकाची वेगळी. वाचायला अडखळणाऱ्या मुलाच्या हाती ऐन वेळी उतारा दिलात तर सगळं उलटतं, गट त्याच्यावरच चिडतो. त्याला तो आदल्या दिवशी द्या, एकदा वाचून घ्या. एका तासाने काही होत नाही. आठवड्यातून दोनदा, निदान महिना-दीड महिना चालू ठेवा.

मैदानावर ‘पाल विरुद्ध गाव’ असे संघ कधीही पाडू नका. उत्तर प्रदेशातच तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा भरवून हे तपासलं गेलं आहे: एका संघात खेळलेल्यांची जातीपलीकडे मैत्री वाढली, समोरासमोरच्या संघांतून खेळलेल्यांवर परिणाम उलटा झाला.

एखादा पालक ‘पोलिसांत देतो’ म्हणून आला, तर लेखी घ्या आणि मुख्याध्यापकांकडे न्या. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्याने गुन्हाच ठरत नाही. त्यावरच्या मुलांना २०१५ चा बाल न्याय कायदा लागू होतो: त्यांना कोठडीत ठेवता येत नाही, आणि पोलिसांनी साध्या कपड्यांत बोलायचं असतं. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत. त्यामुळे त्यांना चारचौघांत जातीवरून शिवी दिली आणि देणारा स्वतः अनुसूचित जाती-जमातीतला नसेल, तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागतो. वडार, भामटा आणि (विदर्भातले काही जिल्हे सोडून) कैकाडी विमुक्त जातींत मोडतात, त्यांना तो लागत नाही. तिथे शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ हाताशी ठेवा. शाळेत मुलाला मारणं आणि मानसिक छळ दोन्ही त्याने बंद आहेत; कारवाई सेवा-नियमांखाली होते, म्हणजे ती शिक्षक-कर्मचाऱ्यांवर.