रेकॉर्डरवर कोणता मोड लावायचा?

आवाजाचं पुढे काय करायचंय, त्यावर मोड ठरतो. बैठकीचा वृत्तांत नुसता ऐकून लिहायचा असेल तर एमपी३ १२८ केबीपीएस पुरे. तासाला साधारण ५८ एमबी लागतात. पण संपादन करायचं असेल किंवा आजीच्या ओव्या जपून ठेवायच्या असतील, तर वेव्हच (WAV, तपशील न गाळता आवाज साठवणारा फाइल प्रकार) निवडा. एमपी३ मध्ये गाळला गेलेला तपशील नंतर वेव्ह केल्याने परत येत नाही.

वेव्हमध्ये ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने), २४ बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई) स्टिरिओला तासाला सुमारे १ जीबी जागा लागते. व्हिडिओशी जुळवायचं असेल तर ४८ च ठेवा. ९६ च्या मोहात पडू नका, बोलण्यासाठी ती निव्वळ कार्डाची नासाडी. एकच माइक असेल तर मोनो (एकच वाहिनी) करा, फाइल निम्मी होते.

खरा घोळ ऑटो लेव्हलमुळे, म्हणजे यंत्राने आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त केल्यामुळे होतो. मैफलीत गायक थांबला की यंत्र तानपुरा नि पंख्याची घरघर वर खेचतं आणि तबल्याची थाप पडताच सगळंच दाबून टाकतं. हे नंतर नीट दुरुस्त होत नाही. म्हणून लेव्हल मॅन्युअल ठेवा. सर्वात मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या (शून्य ही कमाल मर्यादा, त्यावर आवाज फाटतो). २४ बिटमध्ये हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला मात्र सांधत नाही. ऑटो लेव्हल मुलाखतीला, तीही घाईत, चालून जाते.

लो-कट (खालच्या पट्टीतले घुमणारे आवाज गाळणारी सोय) ८० हर्ट्झवर बोलण्यासाठी चालू, पखवाजासाठी बंद.